क्यू गार्डन्समधील शोभेच्या वास्तू : ऐंशी ड्रॅगन, एक खोटा अवशेष आणि मनोऱ्याच्या वेषातले धुराडे

लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्स नदीच्या काठी असलेल्या क्यू येथील शाही वनस्पतिउद्यानात बहुतेक लोक झाडे आणि काचेची हरितगृहे पाहण्यासाठी जातात, आणि ते योग्यच आहे. या परीक्षणाचा विषय मात्र त्या उद्यानात विखुरलेल्या अशा वास्तू आहेत, ज्यांत कोणी राहत नव्हते आणि ज्यांतील देवळांत कधी कोणाची पूजा झाली नाही. राजघराण्यातील मंडळींनी फिरता फिरता नजर टाकावी आणि क्षणभर थबकावे, एवढ्यासाठीच ही देवळे, मनोरे आणि मुद्दाम मोडकी बांधलेली कमान उभारण्यात आली. इंग्लंडमध्ये अशा बांधकामांना फॉली म्हणतात. क्यूच्या प्रवेशशुल्कात त्यांपैकी जवळजवळ सगळ्या पाहता येतात, तरीही त्या शोधत फिरणारे थोडेच दिसतात. माझे मत आरंभीच नोंदवतो. ज्या वास्तूंवर शोभेबरोबर एखादे कामही सोपवले होते त्या आजही जिवंत वाटतात, आणि ज्या निव्वळ कोणाच्या तरी गौरवासाठी बांधल्या त्या सुंदर असूनही कोरड्या वाटतात. चिनी धर्तीचा मनोरा, म्हणजे पॅगोडा, या नियमात बसत नाही. त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय एका इंग्रजी बागेत ग्रीक देऊळ, रोमन कमान आणि चिनी मनोरा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर का आहेत, याचा उलगडा होत नाही. इंग्लंडचा युवराज फ्रेडरिक याने १७३१ मध्ये क्यूची जागा भाडेपट्ट्याने घेतली. १७५१ मध्ये तो वारला आणि त्याची विधवा पत्नी ऑगस्टा हिने बागेचे काम पुढे नेले. वनस्पतींच्या बाबतीत तिला वनस्पतींचे जाणकार लॉर्ड ब्यूट यांचा सल्ला होता, तर इमारतींसाठी तिने विल्यम चेंबर्स या तरुण वास्तुविशारदाला नेमले. चेंबर्सचा जन्म स्वीडनमधील गोथेनबर्गचा. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना तो बंगालला आणि पुढे दोनदा चीनमधील कॅन्टन बंदरात जाऊन आला होता, आणि त्यानंतर त्याने पॅरिस व इटलीत वास्तुकलेचे शिक्षण घेतले होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये चिनी इमारती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला वास्तुविशारद दुसरा कोण असणार? १७५७ पासून पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याने क्यूमध्ये दोन डझनांच्या आसपास इमारती उभ्या केल्या आणि १७६३ मध्ये त्या सर्वांचे नकाशे व चित्रे एका मोठ्या ग्रंथात प्रसिद्ध केली. ऑगस्टाच्या आश्रयाने १७५९ मध्ये सुमारे नऊ एकरांवर जे वनस्पतिउद्यान सुरू झाले, त्याचेच आजचे रूप म्हणजे जगद्विख्यात क्यू. विज्ञान आणि विलास यांचे बीज एकाच वेळी एकाच मातीत पडले होते. आज उद्यानाचा विस्तार १३२ हेक्टर आहे आणि २००३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

क्यू गार्डन्स या भुयारी रेल्वेच्या स्थानकावरून येणाऱ्यांना व्हिक्टोरिया गेट जवळ पडते आणि शोभेच्या वास्तूंचा फेरफटका तेथूनच सुरू करावा. दाराजवळच विटांचा एक उंच, देखणा इटालियन धाटणीचा मनोरा दिसतो. एखाद्या चर्चचा घंटामनोरा वाटावा अशी त्याची ठेवण आहे, पण आजूबाजूला चर्च नाही आणि मनोऱ्यात घंटाही नाही. हे पाम हाउस या काचेच्या हरितगृहाचे धुराडे आहे. १८४४ ते १८४८ या काळात वास्तुविशारद डेसिमस बर्टन आणि लोखंडकामातील तज्ज्ञ रिचर्ड टर्नर यांनी पाम हाउस बांधले, तेव्हा उष्ण कटिबंधातील ताडमाड जगवण्यासाठी तळघरात बॉयलर बसवावे लागले. काचेच्या त्या नाजूक, फुगीर आकाराला धुराड्याने विद्रूप करायचे नाही, असे ठरले. म्हणून धूर जमिनीखालच्या बोगद्यातून दूर नेऊन या १०७ फूट उंच मनोऱ्यातून बाहेर सोडण्याची योजना करण्यात आली, आणि त्याच बोगद्यात छोटे रूळ टाकून कोळशाच्या गाड्या बॉयलरपर्यंत नेण्याची सोय करण्यात आली. प्रत्यक्षात धूर इतक्या लांबवर नीट ओढला जाईना आणि योजना अपेक्षेप्रमाणे चालली नाही. तरीही मला ही वास्तू क्यूमधील उत्तम शोभावास्तूंपैकी एक वाटते. इतर फॉली आपण कोणी थोर आहोत असा आव आणतात. हा मनोरा आपण काजळी ओकणारे नळकांडे आहोत हे लपवतो, आणि तेही अत्यंत सभ्यपणे. बहुतेक लोक तिकीट दाखवण्याच्या गडबडीत त्याच्याजवळून निघून जातात.

तेथून जवळच अरेथुसाचे मंदिर आहे. १७५८ मधील ही चेंबर्सची छोटी, आयोनिक या ग्रीक शैलीच्या खांबांची रचना आहे. मंदिर म्हणावे असे तिच्यात फार काही नाही. पुढे खांब, वर त्रिकोणी शिखरभाग आणि मागे भिंत, एवढाच तिचा पसारा. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या क्यूच्या कर्मचाऱ्यांचे स्मारक पुढे या मंदिरात बसवण्यात आले. येथे माझा वर सांगितलेला नियम लागू पडतो. पौराणिक जलदेवतेच्या नावाने उभारलेल्या या रिकाम्या मंडपाला दीडशे वर्षांनी अर्थ लाभला, आणि तो बागेत माती उकरणाऱ्या माणसांच्या नावांमुळे लाभला. तेथे थोडा वेळ थांबावे.

बेलोना या रोमन युद्धदेवतेचे मंदिर १७६० मधील आहे, मात्र मूळ जागेवर नाही. १८०३ मध्ये ते हलवण्यात आले. बाहेरून भारदस्त डोरिक खांब, आत छोटा घुमट, आणि भिंतींवर सात वर्षांच्या युद्धात लढलेल्या ब्रिटिश व हॅनोव्हर या जर्मन संस्थानाच्या पलटणींची नावे. हेच युद्ध आपल्याकडे प्लासी आणि वांदिवाश येथवर पोहोचले होते, आणि वांदिवाशची लढाई मंदिर बांधले त्याच वर्षीच्या जानेवारीत झाली. मराठी वाचकाला तारखांचा हा योग खटकल्याशिवाय राहत नाही. वास्तू म्हणून मात्र बेलोनाचे मंदिर मला निष्प्राण वाटले. असाच प्रकार किंग विल्यम मंदिराचा. राजा चौथा विल्यम याच्यासाठी वास्तुविशारद जेफ्री वायटव्हिल याने १८३७ मध्ये ते बांधले आणि आत लोखंडी पाट्यांवर मिंडेनपासून वॉटर्लूपर्यंतच्या ब्रिटिश लष्कराच्या लढाया नोंदवल्या. दगडकाम चोख आहे, प्रमाणे निर्दोष आहेत आणि भोवती भूमध्यसागरी वनस्पतींची मांडणी केलेली असल्याने उन्हाळ्यात तेथे सुगंध दरवळतो. सुगंधासाठी जावे. लढायांच्या यादीसाठी कोणी जाईल असे वाटत नाही.

आता मोडक्या कमानीकडे वळू. माझ्या मते वेळेचा सर्वांत मोठा हिस्सा तिला द्यायला हवा. टेम्परेट हाउस या मोठ्या हरितगृहाच्या पूर्वेला, झाडीतून जाणाऱ्या वाटेवर विटांची एक जाडजूड कमान आडवी येते. तिचे दगडी मुलामे जागोजागी गळालेले आहेत, वरचा काठ ओबडधोबड तुटलेला आहे, फटींतून रोपे डोकावतात. तिच्याखालून जाणाऱ्याला वाटते की रोमन लोक इंग्लंडमध्ये होते तेव्हाचे हे काहीतरी शिल्लक राहिले असावे. प्रत्यक्षात ती १७५९ मध्ये नव्या विटांतून, मोडकीच बांधण्यात आली. चेंबर्सने आपल्या ग्रंथात तिचे प्रयोजन सरळ सांगितले आहे. बागेतील एका मुख्य वाटेवरून गाड्या आणि गुरे पलीकडे नेण्यासाठी पूल हवा होता आणि त्या पुलाला रोमन अवशेषाचे रूप द्यावे असे त्याला वाटले. बागेत फिरणारी राजमाता खालून जायची आणि मेंढरे तिच्या डोक्यावरून. ती कळपांची वाट राजघराण्याला दिसू नये आणि मेंढपाळांची अडचणही होऊ नये, हा व्यावहारिक प्रश्न त्याने एका विजयकमानीच्या भग्नावस्थेने सोडवला.

या कमानीची खरी गंमत तिच्या बनावट इतिहासात आहे. मुळात हिला तीन दारे होती आणि त्यांतील बाजूची दोन पुढे कोणीतरी बुजवून त्यांच्या खोल्या केल्या, असे पाहणाऱ्याला वाटावे अशी तिची रचना आहे. म्हणजे चेंबर्सने केवळ जुनी वास्तू बनवली नाही; त्या वास्तूचा झालेला गैरवापरही बनवला. इटलीत त्याने अशा कमानी पाहिल्या होत्या, ज्यांच्या पोटात गरिबांनी बिऱ्हाडे थाटली होती आणि ज्यांचे संगमरवर कोणी काढून नेले होते, आणि तो सारा ऱ्हास त्याने कारागिरांकडून मोजूनमापून घडवून घेतला. विटा कोठे उघड्या पडाव्यात, कोणता दगड खाली पडलेला दिसावा, वेल कोठून चढावी, हे सगळे ठरवलेले होते. रिचर्ड विल्सन या चित्रकाराने १७६० च्या दशकाच्या आरंभी या कमानीचे चित्र काढले, आणि ते कित्येक वर्षे इटलीतीलच दृश्य म्हणून ओळखले जात होते. नकलेला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळणे कठीण आहे.

आज या खोट्या अवशेषाला अडीचशेहून अधिक वर्षे झाली आहेत. त्यामुळे त्याच्यावरचे शेवाळ खरे आहे, विटांची झीज खरी आहे आणि तो पडू नये म्हणून त्याची देखभालही खरीखुरी करावी लागते. कोणती तूट चेंबर्सची आणि कोणती पावसाची, हे आता सहज सांगता येत नाही. दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून असे दोन्ही बाजूंनी ही कमान पाहावी, कारण दोन्ही दर्शने वेगळी आहेत. शक्य तर दुपार उतरल्यावर, तिरप्या उन्हात पाहावी. तेथे खाण्यापिण्याची दुकाने नाहीत, रांगा नाहीत आणि वेगळे तिकीटही नाही.

कमानीकडून दक्षिणेला चालू लागले की झाडांच्या वर पॅगोडा दिसू लागतो. १७६१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षाच्या आरंभी पानिपत झाले त्याच वर्षी, त्याचे काम सुरू झाले आणि १७६२ मध्ये ते पूर्ण झाले. उंची १६३ फूट, अष्टकोनी आकार, दहा मजले आणि सारे बांधकाम विटांचे. त्यामागचे गणित चेंबर्सने स्वतः दिले आहे आणि ते ठाऊक असले की या मनोऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. भोवतालची पडवी सोडून तळमजल्याचा व्यास २६ फूट आणि उंची १८ फूट. दुसऱ्या मजल्याचा व्यास २५ आणि उंची १७. असे प्रत्येक मजल्याला व्यासात एक फूट आणि उंचीत एक फूट कमी होत जाऊन नवव्या मजल्यावर व्यास १८ आणि उंची १० फूट उरते. मग दहावा मजला छपरासह २० फूट आणि त्यावर १७ फुटांचा कळस. बेरीज करून पाहावी, ती १६३ च भरते. एकसारख्या मजल्यांची चळत खालून पाहिली तर ती जड वाटली असती; येथे प्रत्येक मजला थोडा थोडा आकसत गेल्यामुळे नजर न अडखळता वर सरकते आणि मनोरा आहे त्याहून उंच भासतो.

चिनी वास्तुपरंपरेच्या काटेकोर कसोटीवर हा पॅगोडा उतरत नाही. चिनी पॅगोड्यांचे मजले सहसा विषम संख्येत, सात किंवा नऊ, असतात, येथे ते दहा आहेत. शिवाय चीनमध्ये अशा मनोऱ्यांचा संबंध बौद्ध धर्माशी असतो, येथे तो फक्त फिरायला आलेल्या राजकुटुंबाच्या करमणुकीशी होता. युरोपभर त्या काळी नानजिंगच्या पोर्सलेन मनोऱ्याची कीर्ती पसरलेली होती, पण चेंबर्स नानजिंगला कधी पोहोचला नव्हता. परदेशी व्यापाऱ्यांना कॅन्टनपलीकडे जाण्याची मोकळीक नव्हती. तो नानजिंगचा मनोरा १८५६ मध्ये ताइपिंग बंडाच्या धामधुमीत नष्ट झाला आणि त्याच्या कीर्तीवर पोसलेली ही इंग्रजी कल्पना मात्र आजही उभी आहे. काम सुरू असतानाच त्याच्या उंचीची एवढी चर्चा झाली की लेखक होरेस वॉल्पोल याने एका पत्रात हा मनोरा आमच्या भागातून दिसू लागलाच आहे, पंधरवड्यात तो तुम्हाला दूर उत्तरेकडच्या यॉर्कशरमधूनही दिसेल, अशी थट्टा केली होती.

ड्रॅगनांची कथा सर्वांना आवडते, म्हणून तिची खातरजमा करून घेणे बरे. छपरांच्या कोपऱ्यांवर मूळचे ८० लाकडी ड्रॅगन होते. ते रंगीबेरंगी पातळ काचेने मढवलेले असल्यामुळे उन्हात झळाळत, असे चेंबर्सने लिहून ठेवले आहे. १७८४ मध्ये छपरांच्या दुरुस्तीच्या वेळी ते उतरवले गेले आणि पुन्हा चढलेच नाहीत. पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाची कर्जे फेडण्यासाठी ते विकले गेले, अशी आख्यायिका त्यामुळे रुजली. लाकूड कुजले म्हणून ते काढावे लागले, हे साधे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ पॅगोडा ड्रॅगनांविना उभा होता. दुसऱ्या महायुद्धात तर बॉम्बच्या नमुन्यांची चाचणी घेण्यासाठी त्याच्या प्रत्येक मजल्याच्या तळाला भोके पाडण्यात आली, म्हणजे वरून टाकलेली वस्तू थेट तळापर्यंत पडावी. मौजेसाठी बांधलेल्या या मनोऱ्याला मिळालेले हे एकमेव गंभीर काम असावे. अखेर हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेस या संस्थेने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०१८ च्या जुलैमध्ये तो ८० नव्या ड्रॅगनांसह खुला झाला. सर्वांत खालच्या छपरावरचे आठ ड्रॅगन देवदार लाकडात हाताने कोरलेले आहेत आणि वरचे ७२ त्रिमितीय मुद्रणाने नायलॉनसारख्या पदार्थात घडवलेले आहेत, कारण एवढे भरीव लाकूड जुन्या छपरांना पेलवले नसते. खाली उभे राहून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. मुळातच सारा मामला देखाव्याचा असताना नायलॉनच्या ड्रॅगनांवर नाक मुरडणे मला अप्रस्तुत वाटते. चेंबर्सच्या हाती हे तंत्र असते तर त्याने ते आनंदाने वापरले असते.

पॅगोड्यावर चढण्यासाठी उद्यानाच्या तिकिटाखेरीज वेगळे तिकीट लागते. पायऱ्या २५३ आहेत. वर गेल्यावर लंडनचा विस्तृत देखावा दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर शहराच्या उंच इमारती ओळखता येतात. परंतु चढताना आत पाहण्यासारखे फारसे काही नाही, मजल्यामागून मजले बव्हंशी रिकामे आहेत, आणि वर पोहोचल्यावर एक गोष्ट ध्यानात येते की क्यूमध्ये ही एकच जागा अशी आहे जेथून पॅगोडा दिसत नाही. तो दुरून पाहण्यासाठी बांधलेला आहे. १८४० च्या दशकात नेसफिल्ड या उद्यानरचनाकाराने पाम हाउसपासून पॅगोड्यापर्यंत सुमारे अर्ध्या मैलाचा सरळ, दुतर्फा झाडांचा मार्ग आखला. त्या मार्गावरून चालत जाताना मनोरा हळूहळू मोठा होत जातो, मग रंग दिसू लागतात, मग छपरांचे काठ, आणि शेवटी ड्रॅगन. ज्यांना उंचावरून शहर पाहण्याची हौस आहे किंवा ज्यांच्यासोबत मुले आहेत त्यांनी जरूर चढावे. इतरांनी तेच पैसे चहापाण्याला राखून ठेवावेत आणि हा मार्ग दोनदा चालावा.

एके काळी पॅगोडा एकटा नव्हता. त्याच्या एका बाजूला अल्हाम्ब्रा नावाची मूरिश, म्हणजे स्पेनमधील मुस्लिम राजवटीच्या धर्तीची, रंगीत इमारत होती आणि दुसऱ्या बाजूला घुमट आणि मिनार असलेली मशीद, जिच्या दारांवर कुराणातील वचने लिहिलेली होती. मशिदीच्या आत छताला आधार देणारे खांब गिलाव्यात घडवलेल्या ताडाच्या झाडांच्या रूपात होते, असे चेंबर्सच्या चित्रांतून दिसते. नमाज तेथे कधी झाली नाही. स्पेन, तुर्कस्तान आणि चीन अशी तिन्ही दर्शने एका नजरेत मावावीत, एवढीच त्यामागची कल्पना होती. लाकूड आणि गिलाव्याच्या या इमारती इंग्लंडच्या ओल्या हवेत टिकल्या नाहीत. बागेतीलच चेंबर्सचे सूर्यमंदिर १९१६ पर्यंत तगले, मग वादळात लेबनॉनचा एक देवदार त्याच्यावर कोसळला. आज या साऱ्याची खूण सामान्य पर्यटकाला दिसत नाही, आणि म्हणून एकटा उरलेला पॅगोडा जितका विक्षिप्त वाटतो तितका तो त्या काळी वाटत नसावा. तेव्हा तो एका प्रदर्शनाचा भाग होता.

त्याच परिसरात आज चोकुशी-मोन हे जपानी प्रवेशद्वार आहे. लंडनमध्ये १९१० साली भरलेल्या जपान-ब्रिटिश प्रदर्शनासाठी ते घडवले गेले, क्योटोच्या निशी होंगान-जी मंदिराच्या दरवाजाची ही चार-पंचमांश आकाराची प्रतिकृती आहे, आणि प्रदर्शन संपल्यावर १९११ मध्ये ते क्यूला आणले. पॅगोड्यावरून थेट येथे यावे. तेथे इंग्लंडमधल्या एका वास्तुविशारदाने आठवणी आणि चित्रांच्या बळावर रचलेले चीन आहे, येथे जपानी सुतारांनी आपल्या परंपरेनुसार कोरलेले लाकूड. फुलांचे आणि प्राण्यांचे कोरीव काम इतके दाट आहे की पहिल्या नजरेत ते हाती लागत नाही. छपराखालच्या पट्ट्यांपाशी डोळे स्थिर करावे लागतात. कारागिरीच्या दृष्टीने संपूर्ण उद्यानात या दरवाजाच्या तोडीचे दुसरे काही मला दिसले नाही. भोवतालची जपानी उद्यानरचना १९९० च्या दशकातील आहे आणि ती संयत आहे.

उद्यानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, बऱ्याच अंतरावर, तिसऱ्या जॉर्जची पत्नी राणी शार्लट हिची झोपडी आहे. गवताने शाकारलेले छप्पर, लाकडी चौकटी, लहान खिडक्या असा खेडूत घराचा वेष, पण वास्तव्य कोणाचे नाही. राजकुटुंब बागेत फिरून दमले की येथे चहापान करीत असे. वरच्या खोलीच्या भिंतींवर आणि छतावर वेली व फुले रंगवलेली आहेत आणि ते काम तिसऱ्या जॉर्जची मुलगी एलिझाबेथ हिचे मानले जाते. गरिबीचे सोंग घेणाऱ्या श्रीमंतीचा मला एरवी कंटाळा येतो, परंतु त्या रंगवलेल्या वेलींत हौशी हाताची जी किंचित अवघडलेली माया आहे तिच्यामुळे ही खोली आवडते. जवळच्या कुरणात १७९० च्या दशकात कांगारू पाळलेले होते. व्हिक्टोरिया राणीने १८९८ मध्ये ही झोपडी आणि भोवतालचे रान जनतेला दिले, ते रान नैसर्गिक अवस्थेत राहावे या अटीवर. वसंतात तेथे ब्लूबेलच्या निळ्या फुलांचा सडा असतो. झोपडी आतून पाहण्याची सोय मात्र वर्षातील ठरावीक दिवशीच असते.

उत्तरेकडे परतताना एओलसचे मंदिर लागते. वायुदेवतेच्या नावाचे हे गोल मंदिर चेंबर्सने १७६० च्या दशकात लाकडात बांधले होते आणि त्यात फिरते आसन होते, म्हणजे बसल्या जागी ते वळवून हवे ते दृश्य पाहता येई. १८४५ मध्ये डेसिमस बर्टनने ते दगडात नव्याने बांधले आणि फिरते आसन काढून टाकले. टिकाऊपणा आला, खेळकरपणा गेला. मंदिर ज्या टेकाडावर आहे ते मार्चच्या सुमारास डॅफोडिलने पिवळे होते आणि तेव्हा ते फार चांगले दिसते. भर उन्हाळ्यात झाडी इतकी दाटते की वाऱ्याच्या देवालाही बाहेरचे काही दिसत नसेल.

ऑरेंजरी ही चेंबर्सची १७६१ मधील लांब, पांढरी, कमानदार इमारत संत्र्यांच्या झाडांसाठी बांधली होती. दर्शनी भाग अत्यंत डौलदार आहे, पण आत पुरेसा उजेडच येत नसे, त्यामुळे झाडे काही रमली नाहीत. पुढे तेथे लाकडाच्या नमुन्यांचे संग्रहालय झाले आणि नंतर उपाहारगृह. झाडांना न मानवलेला मंद, थंड प्रकाश जेवणाऱ्यांना मात्र मानवतो. उंच खिडक्यांपाशी जागा मिळाली तर उत्तम. घरी पोळीभाजी करून आणणाऱ्यांनी संकोच करू नये; हिरवळीवर डबा खाण्याची पद्धत तेथे रूढच आहे.

शोभावास्तूंची ही परंपरा क्यूमध्ये थांबलेली नाही, याचा पुरावा म्हणजे द हाइव्ह. वुल्फगँग बट्रेस या कलावंताने २०१५ च्या मिलान एक्स्पो या जागतिक प्रदर्शनातील ब्रिटिश दालनासाठी ही १७ मीटर उंचीची ॲल्युमिनियमची जाळीदार रचना तयार केली आणि २०१६ मध्ये ती क्यूला उभी राहिली. तिच्यातील सुमारे हजार दिवे आणि तिच्यातून ऐकू येणारा गुंजारव उद्यानातील खऱ्या मधमाश्यांच्या पोळ्यातील हालचालीनुसार कमीजास्त होतो. काही जुन्या पठडीच्या लोकांना ती उपरी वाटते. मला ती मोडक्या कमानीची नात वाटते, कारण दोघींनीही एक देखावा उभा केला आहे आणि दोघींच्याही मागे एक खरे काम आहे. एकीवरून मेंढरे जात, दुसरी मधमाश्यांचे वर्तन माणसाच्या कानांपर्यंत आणते. संध्याकाळच्या सुमारास, दिवे दिसू लागतात तेव्हा तिच्या आत जावे.

भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली, तेव्हा तिच्यातही कमानीदार प्रवेशद्वार आणि मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या नावाचे छोटे मंदिर उभारले गेले. ज्यांनी ते लहानपणी केवळ सावलीसाठी वापरले असेल त्यांना क्यूतील देवळे पाहून त्यामागची कल्पना कोठून आली याचा अंदाज येईल.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्या आहेत. तिकीट आधी इंटरनेटवरून काढल्यास स्वस्त पडते आणि हिवाळ्यात दर उतरतात. एवढे अंतर चालायचे असल्याने चांगले बूट हवेत. वयस्कर मंडळींसाठी उद्यानात फिरणारी गाडी आहे, परंतु तिच्यातून मोडकी कमान आणि जपानी दरवाजा यांचे दर्शन धावते होते. फक्त वास्तूच पाहायच्या असतील तर मी नोव्हेंबर ते मार्च हा काळ सुचवेन. पानगळीनंतर देवळे आणि मनोरे झाडांतून मोकळे होतात, गर्दी कमी असते आणि चेंबर्सने आखलेल्या दृष्टिरेषा पुन्हा दिसू लागतात. त्या दिवसांत पॅगोड्यावर चढण्याची सोय बंद असण्याची शक्यता असते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. बंद असली तरी वर सांगितलेल्या कारणांमुळे त्यात फारसे नुकसान नाही.